बिलातले ३३६ रुपये आणि जावयाची अडचण

प्रश्न : आईबाबांच्या लग्नाला गेल्या महिन्यात चाळीस वर्षं झाली. म्हणून मी, नवरा, दोन मुलं आणि ते दोघं असे सहाजण रविवारी रात्री ठाण्यातल्या एका नावाजलेल्या व्हेज रेस्टॉरंटमध्ये जेवायला गेलो. टेबल बुक केलं होतं, तरी बसायला नऊ वाजले. न विचारताच पाण्याच्या दोन बाटल्या उघडून ठेवल्या. स्टार्टर म्हणून सांगितलेलं व्हेज क्रिस्पी भाज्यांनंतर आलं. पनीर टिक्का मसाला आणि व्हेज कोल्हापुरी डोळे मिटून खाल्ले असते तर कुठलं काय ते कळलं नसतं. पनीर चिवट आणि जरा आंबूस. बाबांना कवळी आहे, त्यांनी मऊ फुलके मिळतील का विचारलं तर वेटर ‘यहाँ यही मिलता है’ म्हणून निघून गेला. रोट्या येईपर्यंत भाज्या गार झालेल्या. बाबांनी शेवटी दालभात कालवला आणि तोच खाल्ला. वर बिलात १० टक्के सर्व्हिस चार्ज! काढा म्हटलं तर मॅनेजर म्हणाला, ‘मेन्यूकार्डवर लिहिलंय मॅडम.’ मी पुढे बोलणार तेवढ्यात नवऱ्याने ‘राहू दे गं, तमाशा नको’ म्हणत स्कॅन करून पैसे देऊनही टाकले. त्याच रात्री मी गूगलवर एक स्टार देऊन ‘चोर आहेत, शिळं खायला घालतात’ असं लिहिलं. आता तिथून नवऱ्याला फोन येतायत : रिव्ह्यू काढा, पुढच्या वेळी २० टक्के सूट देतो, नाहीतर वकिलाची नोटीस पाठवू. नवरा म्हणतो काढून टाक आणि विषय संपव. मी काढू का? आणि पैसे परत मिळतील का?
– आईबाबांची मुलगी, ठाणे

उत्तर : ताई, पैसे मिळू शकतात. सगळे नाही, पण ज्यांच्यावर तुमचा हक्क आहे तेवढे. पत्रासोबत बिलाचा फोटो जोडलात ते फार बरं केलंत. अशा पत्रांत राग भरपूर असतो, बिल मात्र नसतं.

बिलच आधी बघू. खाण्यापिण्याचे ३,२०० रुपये. त्यावर १० टक्के सर्व्हिस चार्ज, ३२० रुपये. मग दोन्हींची बेरीज ३,५२० धरून तिच्यावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे १७६. एकूण ३,६९६. सर्व्हिस चार्ज नसता तर जीएसटी १६० रुपये झाला असता आणि बिल ३,३६० वर थांबलं असतं. फरक ३३६ रुपयांचा. म्हणजे तुम्ही न दिलेली टीप तुमच्याकडून घेतली आणि त्या टिपेवर १६ रुपये करही भरायला लावला.

मॅनेजरचं ‘मेन्यूकार्डवर लिहिलंय’ हे उत्तर जुनं आहे आणि आता त्यात दम राहिलेला नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावाखालीही घ्यायचा नाही, तो ऐच्छिक आहे हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायचं, आणि खाण्याच्या रकमेत मिसळून वरून जीएसटी तर अजिबात लावायचा नाही. रेस्टॉरंटवाल्यांच्या दोन देशव्यापी संघटना याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. त्याच महिन्यात स्थगिती मिळाली आणि पुढची जवळजवळ पावणेतीन वर्षं ‘कोर्टाचा स्टे आहे’ हे वाक्य काउंटरवरच्या माणसांच्या तोंडी बसलं. २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने त्या याचिका फेटाळल्या, सूचना कायम ठेवल्या आणि दोन्ही संघटनांना एकेक लाख रुपयांचा दंडही भरायला लावला. संघटना अपिलात गेल्या आहेत. पण म्हणून मॅनेजरला ‘नियमच आहे आमचा’ म्हणता येत नाही.

तुम्ही काय करायचं? रेस्टॉरंटला एक ईमेल करा. चार ओळी पुरे : तारीख, बिल नंबर, सर्व्हिस चार्ज काढायला सांगितलं होतं पण काढला नाही, त्यावरच्या जीएसटीसह ३३६ रुपये परत करावेत. बिलाचा फोटो जोडा. आठवडाभरात उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. व्हॉट्सअॅपही चालतं, ८८००००१९१५ वर. हेल्पलाइन म्हणजे कोर्ट नव्हे, ती कंपनीला विचारते आणि तडजोड करून देते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, मुदत दोन वर्षं. पण ३३६ रुपयांसाठी तारखा घेत बसायला मी तुम्हाला सांगणार नाही. हेल्पलाइनपर्यंत जा, तिथे बहुधा मिटेल. पुढच्या वेळी मात्र ‘आधी बिल दुरुस्त करा, मग स्कॅन करते’ हा क्रम ठेवा. पैसे खिशात असेपर्यंत तुमचा शब्द जड असतो.

पाण्याच्या बाटल्यांचं सोडून द्या. छापील किमतीपेक्षा जास्त घेतले असतीलही, पण रेस्टॉरंटमध्ये बसून प्यायलेल्या बाटलीला एमआरपीचं बंधन लागू नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्येच सांगितलंय. बाटली उघडण्याआधी ‘नको, साधं पाणी आणा’ म्हणायचं, तेवढाच त्यावर इलाज.

आता जेवणाकडे. इथे कायदा तुमच्या काही कामाचा नाही, कारण बेचव भाजी हा गुन्हा नाही. पण किचनमध्ये काय चाललं होतं हे कळलं तर पुढच्या वेळी निम्मा मनस्ताप वाचेल, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अशा रेस्टॉरंटमध्ये भाजी तुमच्यासाठी पहिल्यापासून रांधत नाहीत. सकाळीच मोठमोठ्या पातेल्यांत ग्रेव्ह्या तयार होतात. कांदा-टोमॅटोची लाल, काजू आणि मगजबीची पांढरी, बहुतेक ठिकाणी एक मखनी. रात्री ऑर्डर आली की कढईत तेल-बटर, त्यात पळीभर ग्रेव्ही, आधीच उकडून ठेवलेल्या भाज्या किंवा पनीर, वरून ज्याचा त्याचा मसाला, आणि पाच-सात मिनिटांत बाउल टेबलावर. यात फसवणूक काही नाही. रविवारी रात्री भरलेल्या हॉलला दुसऱ्या कुठल्या पद्धतीने जेवू घालणं शक्यच नसतं. फरक पडतो तो शेवटच्या दोन मिनिटांत कुक कढईत काय करतो त्यात. पनीर टिक्का मसाला म्हणजे लाल ग्रेव्हीत तंदूरमध्ये भाजलेलं पनीर. व्हेज कोल्हापुरी म्हणजे बहुधा त्याच लाल ग्रेव्हीत मिश्र भाज्या, तिखट जास्त आणि वर एक तळलेली सुकी मिरची. (कोल्हापुरातल्या घरी या नावाची भाजी कुणी करत नाही. तिथला कांदा-लसूण मसाला यात नावालाही नसतो. गावाचं नाव मेन्यूत आलं, मसाला कोल्हापुरातच राहिला.) नऊ वाजता ऑर्डरींचा ढीग पडलेला असताना त्या शेवटच्या दोन मिनिटांची एक होते, आणि तुमच्या दोन्ही भाज्या बहिणी-बहिणी दिसायला लागतात.

म्हणून ऑर्डर देताना दोन लाल भाज्या एकदम सांगायच्याच नाहीत. एक ग्रेव्हीची, एक कोरडी, म्हणजे भेंडी किंवा जीरा आलू, आणि एक दाल. कॅप्टनला सरळ विचारा, ‘या दोन्हींची ग्रेव्ही वेगळी आहे ना?’ हा प्रश्न विचारणाऱ्या टेबलाकडे तो जरा सांभाळून बघतो, हा माझा अनुभव आहे. वेटर नव्हे, कॅप्टन. ऑर्डर लिहून घेणारा, बहुतेक वेळा वेगळ्या रंगाच्या शर्टातला किंवा कोटातला असतो तो.

स्टार्टर उशिरा का आलं? कारण व्हेज क्रिस्पी चायनीज. चायनीजचा कुक वेगळा, तंदूरवाला वेगळा, भाज्यांचा वेगळा. तुमची एक ऑर्डर आत गेली की तिच्या तीन चिठ्ठ्या होतात, आणि प्रत्येक चिठ्ठी आपापल्या रांगेत उभी राहते. त्या रात्री चायनीजची रांग लांब असणार, भाज्यांची छोटी. हे जुळवणं कॅप्टनचं काम आहे आणि त्याने ते केलं नाही, तेव्हा दोष रेस्टॉरंटचाच. पण तुमच्या हातातही एक उपाय आहे. आधी फक्त स्टार्टर सांगायचं. ते टेबलावर आलं की मग बाकीचं. ‘सगळं एकदमच सांगून टाका, मग मिळायला उशीर होईल’ असं वेटर म्हणतो, त्याला भुलायचं नाही.

रोट्यांचंही तसंच. तंदूरमधून निघालेली रोटी पहिली काही मिनिटंच खाण्याजोगी असते, मग ती ओढून तोडावी लागते. सहा माणसांच्या बारा रोट्या एकदम मागवल्या तर शेवटच्या सहा चिवट होणारच. दोन-दोन, तीन-तीन मागवा. बाबांना फुलके मिळाले नाहीत यात नवल नाही. तंदूर असलेल्या किचनमध्ये फुलके करायला तवा आणि माणूस दोन्ही वेगळे लागतात, आणि बऱ्याच ठिकाणी ते नसतात. वेटर चुकला तो उत्तर देण्याच्या तऱ्हेत. वडीलधाऱ्या माणसाला ‘नाही हो काका, फुलके नाहीत, भात गरम देतो’ एवढं म्हणायला वेळ लागत नाही. त्या एका वाक्यासाठीच तर माणसं घरचं सोडून बाहेर जेवायला जातात.

पनीरबद्दल. चिवट असणं वेगळं आणि आंबूस असणं वेगळं. तंदूरमध्ये भाजलेलं पनीर फ्रीजमध्ये ठेवून परत उकळत्या ग्रेव्हीत टाकलं की आकसतं, चिवट होतं. ते बेचव लागेल, पण बाधणार नाही. आंबूस वास आला तर मात्र तो घास तिथेच थांबवायचा. कॅप्टनला बोलवायचं, बाउल त्याच्या हातात द्यायचा आणि म्हणायचं, ‘हे तुम्ही वास घेऊन बघा.’ बाकी काही बोलावं लागत नाही. तुम्ही ते पनीर खाल्लंत आणि तिथे कुणाला काही बोलला नाहीत, असं पत्रावरून दिसतं. निम्मं रिकामं बाउल हाती घेऊन भांडणाऱ्याचं कुठलंच हॉटेल ऐकत नाही. दुसऱ्या घासाला बोललात तर भाजी बदलून मिळते किंवा बिलातून जाते, दहाव्या घासाला बोललात तर ‘मॅडम, तुम्ही खाल्लंय’ ऐकावं लागतं.

कुणाला त्रास झाला नाही हे नशीब. तसा झाला असता तर अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री नंबर १८००२२२३६५ आहे. बिलावर १४ आकडी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) लायसन नंबर छापणं १ जानेवारी २०२२ पासून सक्तीचं आहे, तक्रार करताना तो द्यायचा. तुमच्या बिलाच्या फोटोत मला तो कुठे दिसला नाही. फोटो खालून कापला गेला असेल, मूळ बिल बघा. खरंच नसेल तर आंबूस पनीरपेक्षा ती तक्रार भक्कम, कारण पनीर आता कुठून आणणार? छापलेलं बिल मात्र तुमच्याकडे आहे.

वेटरवरचा राग थोडा बाजूला ठेवा. त्याने उर्मटपणा केला, तो केलाच. पण सर्व्हिस चार्जचे ३२० रुपये त्याच्या खिशात गेले असं समजू नका. ते कुणाला आणि किती वाटायचे ते मालक ठरवतो. ज्याने नीट वाढलं त्याच्या हातात पन्नास-शंभराची नोट ठेवायची, आणि ज्याने नाही वाढलं त्याला काही द्यायचं नाही. सर्व्हिस चार्ज घेतला की गिऱ्हाइकाकडचं हे हत्यारच जातं. मला त्या चार्जचा सगळ्यात मोठा राग यासाठी आहे.

आता तुमच्या पत्रात जे खरं टोचतंय ते. नवऱ्याचं ‘तमाशा नको’ तुम्ही शब्दशः लिहिलंय, पैशांचा आकडा मात्र कुठेच नाही. तुम्हाला ३३६ रुपयांपेक्षा नवऱ्याने मध्येच गप्प केल्याचं जास्त लागलंय.

लागणारच. पण टेबलाभोवती कोण बसलं होतं ते बघा. तुमचे आईवडील. तुम्ही त्यांची मुलगी होतात, तो जावई होता. सासू-सासऱ्यांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवशी, बिल आपण देणार असं ठरवून आलेला जावई तीनशे रुपयांवरून मॅनेजरशी हुज्जत घालताना दिसला तर त्याचा अर्थ काय निघतो? जावई चिकट आहे. कुणी तसं म्हणणार नाही, आई तर ‘छान होतं हो जेवण’च म्हणेल, पण त्याच्या डोक्यात तेच चाललं असणार. अशा वेळी बहुतेक पुरुष फोन काढून स्कॅन करून मोकळे होतात. त्यात धैर्य नाही हे कबूल, पण तुमचा अपमान करायचा हेतूही नव्हता.

चूक जागेची झाली. असलं बोलणं टेबलावर करायचंच नसतं. बिलाची चामडी फाइल आली की ती उचलायची, ‘हात धुऊन येते’ म्हणायचं आणि काउंटरवर जायचं. तिथे आई नाही, बाबा नाहीत, नवरा नाही, शेजारच्या टेबलावरची मंडळी नाहीत. मॅनेजरलाही चारचौघांत मान खाली घालावी लागत नाही, म्हणून तोही पटकन दुरुस्त करून देतो. आवाज चढवायची गरज पडत नाही. ‘सर्व्हिस चार्ज काढून नवीन बिल द्या’ एवढं एकदा म्हणायचं आणि तिथेच उभं राहायचं. तुमच्यात हे काम तुमचं, हे नवऱ्याशी आजच ठरवून टाका. तुम्हाला बोलता येतं, त्याला येत नाही. त्यात भांडण्यासारखं काय आहे?

आणि आईबाबांना परत न्याच, पण रविवारी रात्री नऊला नको. सत्तरीच्या आसपासची माणसं दुपारी बरी जेवतात. एखाद्या गुजराती-राजस्थानी थाळीच्या ठिकाणी न्या. तिथे फुलके तव्यावरून सरळ ताटात येतात, वाढपी आग्रह करत फिरत असतात, आणि बाबांना कुणाकडे काही मागावं लागत नाही. थाळीत चवीचा फार मोठा चमत्कार नसतो, पण गरम असतं. कवळीवाल्याला तेवढं पुष्कळ.

राहिला रिव्ह्यू. काढू नका, बदला. ‘चोर’ हा शब्द आजच्या आज काढा. ‘शिळं खायला घालतात’ हेही काढा, कारण ते शिळं होतं हे तुम्ही सिद्ध करू शकत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये बदनामीचा गुन्हा आहे, आणि वकिलाच्या नोटिशीची धमकी याच दोन शब्दांच्या जोरावर दिली जातेय. ‘पनीर आम्हाला आंबूस लागलं’ हा मात्र तुमच्या जिभेचा अनुभव आहे, तो लिहायला तुम्ही मोकळ्या आहात. मी असं लिहीन : ‘रविवारी रात्री नऊ वाजता सहाजण गेलो होतो. स्टार्टर भाज्यांनंतर आलं. पनीर आंबूस लागलं. दोन्ही भाज्यांची चव सारखीच. वडिलांनी फुलके विचारले तर वेटरने तुटक उत्तर दिलं. १० टक्के सर्व्हिस चार्ज काढायला सांगूनही काढला नाही. दाल तडका चांगला होता.’ शेवटचं वाक्य खरं असेल तरच ठेवा. बाबांनी दालभात खाल्ला त्यावरून मी धरून चाललेय. एक वाक्य कौतुकाचं असलं की वाचणाऱ्याचा बाकीच्या पाचांवर विश्वास बसतो. बिलाचा फोटो टाकलात तर नवऱ्याचा मोबाइल नंबर झाका.

फोनवर नवऱ्याने बोलत बसू नये. तो नंबर टेबल बुक करायला दिला होता, वसुलीला नाही. पुढच्या फोनला त्याने एकच वाक्य बोलावं : ‘जे काय असेल ते माझ्या बायकोला ईमेल करा.’ धमकी लिहून देताना माणसं बरीच शहाणी होतात. आणि २० टक्के सूट घेऊन रिव्ह्यू काढायचा सौदा तर करूच नका. पैसे किंवा सूट देऊन वाईट रिव्ह्यू काढायला लावणं गूगलच्याही नियमांत बसत नाही, हे त्यांना ईमेलमध्ये कळवा. सोबत लिहा, सूट नको, ३३६ रुपये यूपीआयने परत करा, नंबर तुमच्याकडे आहेच. पैसे आले की त्याच रिव्ह्यूखाली ‘सर्व्हिस चार्ज परत मिळाला’ असं तारखेसकट लिहून टाका आणि एकाचे दोन स्टार करा. तीन मात्र नको, पनीर अजून बाकी आहे.